लंगडा घोडा आणि जुनी गाडी



सप्टेंबर महिना जवळ आला की आपल्या घराघरांत एक चर्चा हमखास सुरू होते. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला यंदा कसे जायचे? एसटीने, ट्रॅव्हल्सने की भाड्याची गाडी करून? घरात आजी, दोन मुलगे, सुना, नातवंडे मिळून आठ-नऊ माणसे. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, नेवासे. यात्रा सोडली तरी लग्न, बाप्तिस्मा, मयत, जमिनीची कामे यांसाठी वर्षातून पाच-सहा वेळा गावी जावेच लागते. मग कोणीतरी म्हणते, "त्यापेक्षा एखादी जुनी डिझेलची मोठी गाडीच घेऊन टाकू."

या इच्छेत गैर काही नाही. शिवाय या मोठ्या गाड्यांशी आपले जुने नाते आहे. टाटांची सुमो १९९४ मध्ये आणि सफारी १९९८ मध्ये पुण्यातूनच बाहेर पडली. महिंद्रांची बोलेरो २००० मध्ये आणि स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली, त्या नाशिकच्या. कारखान्यांत नोकरी करून आपल्यातील कित्येकांनी संसार उभे केले. त्यात डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले आणि दोहोंतील फरक कमी होत गेला, तरी 'डिझेल म्हणजे परवडते' ही समजूत काही गेली नाही. नवी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून जुनी. जाहिरातीत सगळ्याच जुन्या गाड्या 'एकहाती' आणि 'डॉक्टरांनी वापरलेल्या' असतात. पुण्यात इतके डॉक्टर आहेत हे मला त्या जाहिराती वाचूनच कळले.

पण आज लिहायला बसलो ते घेणाऱ्यामुळे नव्हे, विकणाऱ्यामुळे. एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर एका गृहस्थांनी मला आवारात बाजूला घेतले. (प्रश्न प्रायश्चित्त संस्कारात विचारलेला नाही, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे, म्हणूनच तो येथे मांडता येतो.) २५ जुलै २०२४ रोजी मुठेला पूर आला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत व आसपास पाणी शिरले, ते आपल्याला आठवत असेल. त्या रात्री त्यांची गाडी तिकडे नातलगांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये होती. पाणी सीटपर्यंत चढले. विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यामुळे भरपाई काही मिळाली नाही. त्यांनी कर्ज काढून गाडी दुरुस्त केली, आतून धुऊन घेतली, नवे सीटकव्हर घातले. आज गाडी चालते. अधूनमधून एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि जातो. आता त्यांना गाडी विकायची आहे. एजंट म्हणाला, पाण्याचे बोलू नका, लाख-दीड लाखाने भाव पडेल. आणि ते मला म्हणाले, "फादर, खोटं मी बोलणार नाही. पण समोरच्याने विचारलंच नाही, तर मी सांगायलाच पाहिजे का?"

हा प्रश्न मला आवडला, कारण तो प्रामाणिक माणसाचा प्रश्न आहे. लबाड माणसाला तो पडत नाही. त्यांची बाजूही काही पोकळ नाही. नुकसान त्यांचे आधीच झाले आहे. पूर त्यांनी आणला नाही. घेणारा मिस्त्री घेऊन येणार, गाडी उचलून, चालवून पाहणार. लाख रुपये म्हणजे मुलीच्या इंजिनीअरिंगची वर्षाची फी. शेवटी ते म्हणाले, "मी ही गाडी घेतली तेव्हा मला तरी कोणी काय सांगितलं होतं?"

नगर रोडवरच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हाच प्रश्न आम्हांला गाडीऐवजी धान्याच्या रूपात भेटला होता. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमचा वक्ता सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एक व्यापारी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, धान्य सोन्याच्या भावाने जाते आहे. हा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन पोचतो. त्याला माहीत आहे की मागून आणखी पुष्कळ जहाजे येत आहेत. ऱ्होड्सच्या लोकांना ते ठाऊक नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा?

यावर स्टोइक पंथाच्या दोन आचार्यांचा वाद सिसेरोने मांडला आहे. बॅबिलोनचा डायोजेनिस हा गुरू, आणि तार्ससचा अँटिपॅटर हा त्याचा शिष्य. (तार्सस म्हणजे पुढे संत पौल जेथे जन्मला तेच गाव.) डायोजेनिस म्हणतो, कायद्याने जे दोष सांगायला लावले आहेत ते सांगा, फसवू नका, एवढे पुरे. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. मला ठाऊक असलेले सगळेच मी तुम्हांला सांगत सुटलो, तर विक्री कसली, मग माल फुकटच वाटावा लागेल. अँटिपॅटरचे म्हणणे असे की तू माणसांच्या समाजात जन्मलास, तेव्हा तुझे हित आणि सर्वांचे हित वेगळे नाही. ज्या गोष्टीवर समोरच्याचे बरेवाईट अवलंबून आहे आणि जी तुला माहीत आहे, ती त्याच्यापासून ठेवणे म्हणजे लपवणेच. सिसेरो पुढे घराचे उदाहरणही देतो. घराच्या सगळ्या खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजलेले आहे, आणि हे मालकाखेरीज कोणालाच माहीत नाही. न सांगता घर विकले तर? सिसेरोचा कौल अँटिपॅटरकडे जातो.

गंमत अशी की आपल्या देशाचा कायदा मात्र बराचसा डायोजेनिसच्या बाजूचा आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि समजायला सोपे जावे म्हणून खाली उदाहरणे दिली आहेत. उदाहरण घोड्याचे आहे, कारण तेव्हा गाडी म्हणजे घोडाच. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे. तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. आता दुसरे उदाहरण पाहा. तोच घोडा, तोच विकणारा, पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र त्याने सांगितलेच पाहिजे, कारण नाते तसे आहे. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असे मी धरून चालेन. विकणारा गप्प राहतो. इथे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच ठरते.

ही तीन उदाहरणे मी त्या गृहस्थांना सांगितली. मुलीचे उदाहरण ऐकताच ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. त्यांनाही मुलगी आहे. ती गाडी घेऊन मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर निघाली असती, तर सांगायचे की नाही हा प्रश्न त्यांना पडलाच नसता.

कायद्याने येथे एक रेघ ओढली आहे. रेघेच्या आत मुलगी, बाहेर अनोळखी माणूस. कायद्याला ती ओढावीच लागते, नाहीतर न्यायालयांत उभे राहायला जागा उरणार नाही. पण लूकलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री प्रभूला नेमकी हीच रेघ विचारतो: माझा शेजारी कोण? आणि उत्तरादाखल त्याला चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ऐकावी लागते. यरुशलेमहून यरीहोच्या वाटेवर पडलेला माणूस त्या शोमरोन्याचा कोणीही नव्हता. शास्त्र्याला रेघ हवी होती, आणि प्रभूने ती काही आखून दिली नाही.

एवढे बोलून उपदेश संपवता आला असता. पण 'सगळे शेजारी, म्हणून सगळे सगळ्यांना सांगा' एवढ्याने विकणाऱ्याचे काम भागत नाही. दरवाजावरचा ओरखडा सांगायचा का? एसी जरा कमी थंड करतो ते? दुसऱ्या गिअरला थोडा आवाज येतो ते? येथे संत थॉमस अक्वायनस फार उपयोगी पडतात. तेराव्या शतकातल्या त्यांच्या 'सुम्मा' या महाग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रश्न आहे, आणि त्यात पुन्हा घोडा आहेच. थॉमस विचारतात ते असे: दोष उघड आहे की लपलेला? आणि त्यातून घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान होईल काय? घोड्याला एकच डोळा असेल तर ते कोणालाही दिसते. त्याप्रमाणे किंमत कमी लावली असेल तर वेगळे सांगण्याची सक्ती नाही. सांगितले तर घेणारा दोषापेक्षा जास्त किंमत पाडून मागेल, असेही ते म्हणतात. (मठात राहणाऱ्या या संन्याशाला बाजार चांगला कळत होता.) पण दोष लपलेला असेल, आणि लंगडा घोडा वेगवान म्हणून किंवा पडायला आलेले घर भक्कम म्हणून दिले जात असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. न सांगितल्यास नुकसानभरपाई देणे लागते.

आणखी एक बारकावा त्यांनी लिहून ठेवला आहे, तो आपल्या एजंटलोकांनी वाचण्यासारखा आहे. दोष दवंडी पिटून जाहीर करायची गरज नाही. तसे केले तर गिऱ्हाईकच फिरकणार नाही, आणि वस्तू इतर बाबतींत उपयोगाची असूनही पडून राहील. पण जो घ्यायला समोर येईल त्याला एकट्याला सांगा, म्हणजे चांगले-वाईट दोन्ही तोलून त्याला ठरवता येईल. म्हणजे जाहिरातीत 'पुरात भिजलेली' असे छापायला नको. इसार घेण्यापूर्वी मात्र तोंडाने सांगायला हवे.

आता पुरात भिजलेल्या गाडीला ही फूटपट्टी लावून पाहू. गाडीत पाणी शिरले की गालिच्याखालच्या वायरींच्या जोडांत ते साचते. जोड आतून गंजत जातात. आज सगळे चालते, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने एकेक गोष्ट बंद पडू लागते. पाण्यात उभ्या गाडीचे इंजिन चालू करण्याचा प्रयत्न झाला असेल तर आणखी वाईट, कारण पाणी हवेसारखे दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एअरबॅगचा मेंदू बहुधा खालीच, सीटच्या आसपास बसवलेला असतो. तो लाल दिवा लागतो-जातो, याचा अर्थ धडक बसेल तेव्हा पिशवी फुगेलच असे सांगता येत नाही. वरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. थॉमस यांच्या दोन्ही कसोट्या येथे लागू होतात: दोष लपलेला आहे, आणि जिवाला धोका आहे. त्यामुळे त्या गृहस्थांना माझे उत्तर 'हो, सांगायलाच पाहिजे' असे होते, आणि ते देताना मला लाख रुपयांची किंमत ठाऊक होती.

"मला तरी कोणी काय सांगितलं होतं?" या त्यांच्या शेवटच्या वाक्याचे काय? त्याला एक उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. तिकडे खराब निघालेल्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. छापण्यापूर्वी तो निबंध एकाहून अधिक नियतकालिकांनी परत पाठवला होता. २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते इतर दोघांसोबत. त्यांचा विचार साधा आहे. समजा, बाजारात निम्म्या गाड्या चांगल्या, सहा लाखांच्या, आणि निम्म्या खराब, दोन लाखांच्या. विकणाऱ्याला आपली कोणती ते माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा धोका धरून चारच लाख देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, चार लाखांत मी कशाला विकू, आणि तो बाजारातून निघून जातो. आता उरल्या त्यांत खराब गाड्यांचे प्रमाण वाढले, भाव आणखी उतरला. असे होत होत बाजारात लिंबेच उरतात. म्हणजे गप्प राहणारा विक्रेता केवळ एका घेणाऱ्याला बुडवत नाही. ज्याने गाडी निगुतीने वापरली, वेळच्या वेळी ऑइल बदलले, त्या शेजाऱ्याचेही तो नुकसान करतो. मला कोणी सांगितले नाही म्हणून मी सांगणार नाही, असे जो तो म्हणाला, त्यातूनच हा बाजार असा झाला आहे.

घेणाऱ्याविषयी लिहिले नाही तर लेख एकांगी होईल. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक आहे. ते दुकानात मालाला नावे ठेवते, आणि घेऊन बाहेर पडले की स्वतःच्या हुशारीची बढाई मारते. आपण सगळे त्याला ओळखतो. मिस्त्रीला आधीच डोळा मारून ठेवायचा, त्याने बॉनेट उघडून 'इंजिनाचे काम निघणार' म्हणायचे, आणि वीस हजार कमी करून घ्यायचे, हाही दोष लपवण्याचाच दुसरा प्रकार झाला. येथे नसलेला दोष उभा केला जातो.

याहून गंभीर प्रसंग आपल्याकडे वरचेवर येतो. नवरा वारलेला. त्याची गाडी दारात ताडपत्रीखाली उभी. बाईला भाव माहीत नाही, आरसी बुक कुठे आहे तेही माहीत नाही, आणि हप्त्याचा तगादा आहे. ती जे मागते ते फार कमी आहे हे घेणाऱ्याला पहिल्या क्षणी कळते. तेव्हा? संत ऑगस्टीन यांनी 'त्रैक्य' या ग्रंथात आपल्या माहितीतल्या एका माणसाची गोष्ट सांगितली आहे. कोणीतरी त्याला एक हस्तलिखित विकायला आणले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, म्हणून तो थोडकेच पैसे मागत होता. या माणसाने त्याला खरी किंमत दिली, मागितल्यापेक्षा पुष्कळ जास्त. थॉमस यांनी तर पुढे जाऊन म्हटले आहे की विकणारा सोने पितळ समजून देत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर घेणाराही अन्याय करतो आणि त्याने फरक परत केला पाहिजे. हे ऐकून कोणी मला म्हणेल, फादर, असे कोणी करत नाही. ऑगस्टीन यांच्या काळीही कोणी करत नव्हते, म्हणून तर त्यांनी तो एक माणूस लक्षात ठेवला.

याचा अर्थ घेणाऱ्याने डोळे मिटून विश्वास टाकावा असा मुळीच नाही. गाडी तपासणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, अशी आपल्याकडे एक भिडस्त समजूत आहे, विशेषतः विकणारा चर्चमधलाच असला की. त्या भिडेपायीच पुढे नाती तुटतात. सकाळी गाडी थंड असताना स्वतः चालू करून पाहा. आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडा. जोराने वाफारा येत असेल तर इंजिन आतून झिजले आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. मीटर साठ हजार दाखवतो आणि क्लचच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, तर दोहोंपैकी एक खोटे बोलतो आहे, आणि रबराला खोटे बोलता येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. पुराचा गाळ धुणाऱ्याचा हात तिथे सहसा पोचत नाही. सीटखालचे रूळ आणि स्टेपनीची जागा गंजली आहे का ते बघा. कर्जाचा बोजा, विमा आणि दंडाच्या पावत्या गाडीच्या नंबरावरून सरकारी परिवहन संकेतस्थळावर दिसतात. आणि त्यानंतरही स्पष्ट विचारा: गाडी कधी पाण्यात होती का? अपघात झाला का? कलम १७ चे तिसरे उदाहरण आठवा. विचारल्यावर गप्प राहणाऱ्याला कायद्याचीही सावली मिळत नाही.

विकणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण संगम पुलाजवळच्या आरटीओत हेलपाटा नको म्हणून नाव-बदल लांबवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. गाडी दिली, पैसे घेतले, की अर्ज क्रमांक २९ आणि ३० भरून नाव बदलले जाईपर्यंत मागे लागा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात ठरवले की गाडी पुढे कितीही हातांत गेली असली, तरी अपघात झाला त्या दिवशी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्यांसाठी नवे नियम आले आहेत. तुम्ही आणि व्यापाऱ्याने मिळून गाडी ताब्यात दिल्याची नोंद केली, तर पुढची विक्री होईपर्यंत तो व्यापारी मानीव मालक धरला जातो. रस्त्याच्या कडेला मोबाइल कानाला लावून उभा असलेला प्रत्येक एजंट असा अधिकृत व्यापारी नसतो.

आतापर्यंत दोनच माणसांचा विचार झाला, देणारा आणि घेणारा. सौद्यात आणखी कोणीतरी असते, ज्याला कोणी बोलावलेले नसते. गाडीचा धूर ज्याच्या नाकात जातो तो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. २०१० मध्ये देशातल्या १३ शहरांत बीएस-४ नियम प्रथम लागू झाले, त्यांत पुणे होते, सोलापूरही होते. त्यामुळे त्याच वर्षाच्या दोन गाड्यांत एक बीएस-४ आणि दुसरी, बाहेरगावच्या पासिंगची, बीएस-३ असू शकते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, तेव्हा डिझेल कारच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. हे शक्य झाले ते मुख्यतः सायलेन्सरच्या वाटेतल्या एका गाळणीमुळे, तिला डीपीएफ म्हणतात. ही गाळणी साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब रस्त्यावर वेगाने धावावी लागते. विश्रांतवाडी ते स्वारगेट अशी रोज रखडणारी गाडी ती तुंबवते. मग गॅरेजवाला सुचवतो, "काढूनच टाकू, पिकअपही वाढेल." बीएस-६ चे प्रमाणपत्र असलेली गाडी अशा रीतीने जुन्या गाडीइतका धूर ओकू लागते, आणि गाळणी काढली आहे हे पुढच्या घेणाऱ्याला कोणीच सांगत नाही.

म्हणून शहरातच फिरायचे असेल, तर डिझेल घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला महिन्यातून दोनदा गावी जायचे आहे, आठ माणसे न्यायची आहेत, त्याची गोष्ट वेगळी. आणि 'दिल्ली पासिंग, कमी भाव' ही जाहिरात पाहिली की थोडे थांबा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीत बदल केले. या वर्षांत कितीतरी गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत आल्या. दिल्लीच्या मुलांना जो धूर नको, तो आपल्या मुलांना चालेल असे त्या सौद्यात गृहीत धरलेले असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले समाईक घर म्हटले. समाईक घरात एका खोलीतला केर दुसरीत लोटून खोली स्वच्छ झाली असे म्हणता येत नाही.

येथे एक अडचण उरते, आणि ती मी टाळू इच्छित नाही. थॉमस यांच्या नियमाने सगळे नीट पार पडले असे समजा. विकणाऱ्याने सांगितले, गाडी धूर मारते, ऑइल खाते. घेणारा म्हणाला, ठीक आहे, मला एवढीच परवडते, मी मार्केट यार्डात भाजी पोचवतो, माझे पोट तिच्यावर आहे. भाव त्याप्रमाणे उतरला. दोघांचाही व्यवहार चोख. आता तीच गाडी मोडीत काढावी असे मी विकणाऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू? २०२१ च्या धोरणानुसार नोंदणीकृत मोडकेंद्रावर गाडी दिली तर प्रमाणपत्र मिळते आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. पण सवलत नवी गाडी घेणाऱ्याला. ज्याने कधीच नवी गाडी घेतलेली नाही त्याच्या हाती लोखंडाचा भाव येतो. आणि त्या भाजीवाल्याला तर काहीच मिळत नाही, त्याची गाडी मात्र जाते. दुसरीकडे शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडायला थांबलेल्या मुलीला या सौद्याबद्दल कोणी विचारलेले नसते, आणि तिच्यासाठी किंमत कमी करून देण्याची काही सोयही नाही.

त्या गृहस्थांनी मला हे विचारले नव्हते. त्यांची गाडी धूर मारत नाही.